वशीकरण, भुरळ की नुसती ओळख? एका स्पेलमधून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

‘मला गेम्सवर काम करायचंय’ असं पीएचडीच्या तयारीत असलेले बरेच जण म्हणतात. विषय म्हणून ते ठीक आहे, पण तो प्रश्न नाही. विषयातून प्रश्न कसा काढायचा, हे समजून घ्यायला मी आज मुद्दाम अगदी लहान गोष्ट घेतेय. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळातला ‘चार्म पर्सन’ नावाचा स्पेल. पहिल्या लेव्हलचा, साधा, नियमपुस्तकात अर्ध्या कॉलमापेक्षा कमी जागा घेणारा. पण तो नीट वाचला तर त्यातून एक प्रश्न निघतो, आणि माझ्या मते तो सहज संपणारा नाही: दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ठरवायचा अधिकार टेबलावर कोणाचा असतो?

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक कॅरेक्टर असतं. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. जग, त्यातली संकटं आणि खेळाडूंची सोडून बाकी सगळी माणसं (यांना एनपीसी म्हणतात) तो चालवतो. खेळाडू सांगतात, ‘मी पहारेकऱ्याशी गोड बोलून आत जायचा प्रयत्न करते.’ निकाल अनिश्चित असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात कॅरेक्टरचा बोनस मिळवायचा आणि डीएमने ठरवलेला आकडा गाठला का ते बघायचं. गोड बोलणं हे कौशल्य झालं. चार्म हा त्याचा शॉर्टकट. की नाही?

आधी मजकूर वाचा

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत हा स्पेल काय करतो ते पाहू. तीस फुटांच्या आतला एक मनुष्यसदृश जीव निवडायचा. तो विज्डमचा सेव्हिंग थ्रो टाकतो, म्हणजे मनाने प्रतिकार करतो. तुम्ही किंवा तुमचे साथीदार त्याच्याशी लढत असाल तर त्याला दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. याला अ‍ॅडव्हांटेज म्हणतात. प्रतिकार फसला, तर एक तासभर किंवा तुमच्यापैकी कोणी त्याला इजा करेपर्यंत तो ‘चार्म्ड’ राहतो. त्या काळात तो तुमच्यावर हल्ला करत नाही, त्याच्याशी बोलताना तुमच्या फाशाला अ‍ॅडव्हांटेज मिळतो आणि तो तुम्हाला एक ओळखीचा, मैत्रीतला माणूस समजतो. स्पेल संपला की आपल्यावर तो तुम्ही टाकला होता हे त्याला कळतं.

एवढंच. आता यात काय नाही ते बघा. ‘तो तुमचं ऐकतो’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘जिवलग मित्र’ असंही नाही. ‘ओळखीचा’ आहे. आपल्याकडे हा शब्द किती काम करतो ते वेगळं सांगायला नको. ऑफिसात कोणी ओळखीचं निघालं तर साहेब आज आहेत का, कुठल्या खिडकीवर जायचं, कुठला कागद कमी आहे हे पटकन कळतं. चहाही मिळतो. पण ओळख आहे म्हणून कोणी आपली नोकरी पणाला लावून तुमच्या फाइलवर सही करत नाही. पाचव्या आवृत्तीतला चार्म पर्सन म्हणजे तासाभरासाठी काढलेली ओळख आहे.

मराठीत लिहिताना चार्मला काय म्हणायचं, हा प्रश्न इथेच समोर येतो. वशीकरण म्हटलं की दुसऱ्याची इच्छाच काढून घेतली. भुरळ म्हटलं की इच्छा त्याचीच, पण ती वाकवली. मोहिनीला रूपाचा, आकर्षणाचा वास आहे, जो या स्पेलमध्ये असायलाच हवा असं नाही. परिभाषा ठरवणं हे प्रबंध लिहून झाल्यावर करायचं किरकोळ काम वाटतं, पण शब्द निवडताना आपण स्पेलचा एक अर्थ लावून मोकळे झालेलो असतो. तो अर्थ मजकुरात आहे की आपल्या डोक्यात, हे तपासलेलं बरं.

आता आकडे

नियमांवर काम करायचं तर थोडं गणित करावंच लागतं. गप्पांमध्ये ‘चार्म फार ताकदवान आहे’ आणि ‘चार्म निरुपयोगी आहे’ ही दोन्ही वाक्यं सारख्याच ठामपणे ऐकू येतात.

पहिल्या लेव्हलचा बार्ड घ्या, करिष्मा १६. त्याच्या स्पेलला रोखायला १३ हा आकडा लागतो. बोलून मन वळवताना त्याचा बोनस ५. समोर पुस्तकातला साधा पहारेकरी, विज्डमचा बोनस शून्य. म्हणजे फाशावर १२ किंवा कमी आलं की तो फसला: ६० टक्के. लढाई सुरू असेल तर अ‍ॅडव्हांटेजमुळे हेच ३६ टक्क्यांवर येतं.

डंजन मास्टरच्या २०१४च्या मार्गदर्शक पुस्तकात संवादासाठी एक तक्ता आहे. समोरचा शत्रुत्वाने, उदासीनपणे की मैत्रीने वागतोय यावरून तो काय करायला तयार होईल हे ठरतं. उदासीन माणूस २० गाठल्यावरही फार तर किरकोळ धोका पत्करतो. मैत्रीतला माणूस १० गाठल्यावरच तेवढा धोका पत्करतो आणि २०ला मोठा धोका किंवा मोठा त्यागही स्वीकारतो.

समजा दरवाजे बंद झाल्यावर तुम्हाला शहरात शिरायचंय. पहारेकऱ्यासाठी हा किरकोळ धोका धरू. नुसतं बोलून: २० हवेत, बोनस ५, म्हणजे फाशावर १५ किंवा वर, ३० टक्के. चार्म लागला तर १० पुरेत आणि फासे दोन: ९६ टक्के. पण आधी चार्म लागायला हवा, म्हणून ६० टक्क्यांचे ९६ टक्के: साधारण ५८. जवळजवळ दुप्पट. बरं आहे, पण चमत्कार नाही.

आता त्याच माणसाकडून कोठडीचं दार उघडून घ्यायचंय. मोठा धोका. उदासीन पहारेकऱ्याला तक्त्यानुसार कितीही बोललात तरी हे होणारच नाही. चार्म लागलेला असेल तर २० गाठायची शक्यता अ‍ॅडव्हांटेजसह ५१ टक्के, एकूण साधारण ३१. इथे मला चार्मची खरी करामत दिसते. फाशाला मदत करणं हे त्याचं दुय्यम काम. तो विचारता येणाऱ्या गोष्टींची कमाल मर्यादा वर सरकवतो. अ‍ॅडव्हांटेजचा गाजावाजा सगळे करतात, तक्त्यातल्या ओळीबद्दल कमी बोललं जातं.

पण एक मिनिट. खेळाडूंच्या पुस्तकातला ‘मैत्रीतला ओळखीचा’ आणि मार्गदर्शकातल्या तक्त्यातला ‘मैत्रीपूर्ण’ या दोन गोष्टी एकच आहेत, हे कोणी सांगितलं? दोन वेगळी पुस्तकं आहेत. त्यांना जोडणारा पूल मी बांधला, आणि माझं सगळं गणित त्यावर उभं आहे. डीएमने ‘ओळखीचा म्हणजे मित्र नव्हे’ म्हटलं की ते कोसळतं. २०२४च्या सुधारित नियमपुस्तकाने मात्र हा पूल अधिकृत करून टाकला: ‘ओळखीचा’ हा शब्द गेला, ‘फ्रेंडली’ ही शब्दसूचीत व्याख्या दिलेली संज्ञा आली. असा बदल सापडला की तिथे थांबावं. लेखकांना कुठली फट बुजवावीशी वाटली, हे तो सांगतो.

किंमत

चार्मची किंमत स्पेल स्लॉटमध्ये मोजणं ही अर्धवट मोजणी आहे. तासाभराने त्या पहारेकऱ्याला सगळं कळणार आहे. शिवाय स्पेल टाकायला शब्द उच्चारावे लागतात, हातवारे करावे लागतात. शेजारी दुसरा पहारेकरी उभा असेल तर त्याला ते दिसतं. म्हणजे चार्म हे कर्ज आहे, तासाची मुदत असलेलं. ज्या गावात पुन्हा यायचं नाही तिथे ते फुकट पडतं. ज्या गावात दुकानदार, सराईवाला आणि नगराध्यक्ष पुढचे सहा महिने भेटणार आहेत, तिथे ते फार महाग.

‘फ्रेंड्स’ नावाची छोटी जादू हे आणखी स्पष्ट करते. २०१४च्या नियमांत ती एकच मिनिट टिकते आणि संपताच समोरचा तुमचा वैरी होतो. (ती टाकताना चेहऱ्याला थोडा मेकअप लावावा लागतो. हा तपशील ज्याने लिहिला त्याला माझा नमस्कार.) म्हणजे नियम इथे नुसते शक्यता सांगत नाहीत, एक मतही मांडतात: जादूने मिळवलेली मैत्री उघडकीला येते आणि माणूस रागावतो. इयान बोगोस्टने २००७च्या ‘पर्सुएसिव्ह गेम्स’मध्ये मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते, की गेमची प्रक्रियाच युक्तिवाद करत असते. मात्र त्याचा रोख मुख्यतः संगणकी खेळांवर होता. तिथे प्रक्रिया यंत्र चालवतं. इथे ती माणसं चालवतात, आणि माणसं नियम विसरतात, वाकवतात, कधी कधी सोयीने वाचतात. दुसऱ्या क्षेत्रातली संकल्पना आणताना हा फरक सांगायला विसरू नका. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतात.

पन्नास वर्षांत एक स्पेल

मागे जाऊ. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला, तेव्हा चार्म पर्सन हे सरळ वशीकरण होतं. लागला की तो जीव पूर्णपणे जादूगाराच्या प्रभावाखाली, आणि दुसऱ्या जादूने तो उतरवेपर्यंत तसाच. मुदत नाही.

१९७८च्या अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये गायगॅक्सने वेगळं लिहिलं. चार्म झालेला जीव कळसूत्री बाहुली नाही. तो तुम्हाला विश्वासू मित्र मानतो आणि तुमचं बोलणं-वागणं जास्तीत जास्त चांगल्या अर्थाने घेतो. आणि त्याने एक फार मजेदार तक्ता दिला: बुद्धी जितकी जास्त तितक्या लवकर पुन्हा प्रतिकाराची संधी. बुद्धी ३ किंवा कमी असेल तर तीन महिन्यांनी, १९ किंवा जास्त असेल तर दर दिवसाला. मला हा तक्ता नंतरच्या सगळ्या नियमांपेक्षा आवडतो. त्यात मनाबद्दलचा एक सिद्धांत आहे: फसवणूक टिकते ती विचार न केल्यामुळे. पाचव्या आवृत्तीत प्रतिकार विज्डमने होतो आणि मुदत सगळ्यांना सारखीच एक तास. म्हणजे तो सिद्धांत गेला.

मधल्या सगळ्या आवृत्त्या घेत नाही. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत मुदत जादूगाराच्या प्रत्येक लेव्हलला एक तास झाली, आणि समोरच्याने एरवी केलं नसतं असं काही करून घ्यायचं तर करिष्म्याची समोरासमोर चढाओढ आली. २०१४ला आपण वर पाहिलंच.

आता सावध राहायची जागा. ही ओळ बघून लगेच लिहावंसं वाटतं: ‘पन्नास वर्षांत खेळ अधिक नैतिक झाला, वशीकरणापासून संमतीकडे प्रवास झाला.’ छान वाक्य आहे, सेमिनारमध्ये माना डोलतील. पण हाच बदल दुसऱ्या कारणानेही होऊ शकतो. मूळ खेळ युद्धखेळांच्या परंपरेतून आला होता. त्यात पदरी माणसं बाळगणं, भाडोत्री सैनिक नेणं हा खेळाचा भाग होता. तिथे चार्म झालेला राक्षस म्हणजे मिळवलेलं सैन्यबळ. पुढे खेळ पाच-सहा नायकांच्या गोष्टीभोवती फिरू लागला. तिथे पहिल्या लेव्हलच्या एका स्पेलने कायमचा नोकर मिळणं म्हणजे तोल बिघडणं. मुदत कमी केली ती नैतिकतेसाठी की तोलासाठी? नुसत्या नियमपुस्तकांवरून हे ठरत नाही. त्यासाठी त्या काळातली मासिकं, वाचकांची पत्रं, लेखकांच्या मुलाखती वाचाव्या लागतात. जॉन पीटरसनचं २०१२चं ‘प्लेइंग अ‍ॅट द वर्ल्ड’ हे अशा कागदपत्रांतून इतिहास कसा उभा करायचा याचा चांगला नमुना आहे. जाड आहे, पण धीर धरा.

टेबलावर खरं काय होतं

मजकुराचं वाचन कितीही बारीक केलं तरी अर्धा खेळ बाहेरच राहतो. पहारेकऱ्याचा प्रतिकार फसला, पुढे काय? बहुतेक टेबलांवर डीएम विचारतो, ‘बरं, काय बोलतेस त्याला?’ हे वाक्य महत्त्वाचं आहे. स्पेल लागलाय, तरी संवाद करावाच लागतो.

इथे गॅरी अ‍ॅलन फाइन उपयोगी पडतो. या समाजशास्त्रज्ञाने रोल-प्लेइंग खेळणाऱ्यांमध्ये राहून अभ्यास केला आणि १९८३ साली ‘शेअर्ड फँटसी’ हे पुस्तक लिहिलं. गॉफमनच्या ‘फ्रेम अ‍ॅनालिसिस’चा आधार घेऊन (तेही १९७४चंच, योगायोग) त्याने दाखवलं की टेबलावरचा माणूस एकाच वेळी तीन पातळ्यांवर असतो: घरी जायची घाई असलेला माणूस, नियम आणि फासे जाणणारा खेळाडू, आणि गोष्टीतलं कॅरेक्टर. प्रत्येक पातळीला काय ठाऊक असावं हे वेगळं.

चार्म या तीन पातळ्यांना एकमेकींवर घासतो. खेळाडूचं कॅरेक्टरच चार्म झालं असं समजा. खेळाडूला ठाऊक आहे की समोरची सरदारीण खोटारडी आहे. कॅरेक्टरला ती जुनी ओळखीची वाटते. पाचव्या आवृत्तीचे नियम इथे फारच कमी सांगतात: तिच्यावर हल्ला करू नकोस. बाकी वागणं खेळाडूवर सोडलंय. काही जण आवडीने फसतात, तिला सगळी गुपितं सांगून टाकतात आणि टेबल हसत सुटतं. काही जण तांत्रिकदृष्ट्या नियम पाळतात: ‘मी हल्ला करत नाही, मी फक्त दार लावून घेतो.’ आणि काहींना ते खरोखर टोचतं, कारण बाकी सगळं डीएमच्या हातात असताना आपल्या कॅरेक्टरची इच्छा हीच एक त्यांची मालकीची गोष्ट असते.

ही विषमता बघा. एनपीसीचं मन फाशाने बदललेलं सगळ्यांना चालतं. खेळाडूच्या कॅरेक्टरचं मन फाशाने बदललं की कपाळाला आठ्या. मग जादू नसतानाही आपण मन वळवण्याचा फासा टाकून नेमकं काय करत असतो? माझ्या मते चार्मवरचं काम इथून सुरू व्हायला हवं.

याला एक गंभीर बाजू आहे. चार्म वापरून शृंगारिक प्रसंग रचायचा प्रयत्न कोणी केला, तर गोष्टीतली संमती आणि टेबलावरच्या माणसांची संमती असे दोन प्रश्न एकदम उभे राहतात. म्हणूनच अनेक गट खेळ सुरू होण्याआधी मर्यादा ठरवतात, किंवा जॉन स्टाव्रोपोलोसने मांडलेलं एक्स-कार्ड टेबलावर ठेवतात: कोणीही ते उचललं की कारण न विचारता तो प्रसंग बदलायचा. ‘नियमात बसतं’ हे उत्तर तिथे चालत नाही. कॅरेक्टरच्या पातळीवरचा नियम माणसाच्या पातळीवर लागू होत नाही. फाइनची मांडणी इथे प्रत्यक्षात उपयोगी पडते.

हे टिपायचं तर सत्रं रेकॉर्ड करून लिप्यंतर करावं लागेल. संमतीपत्र टेबलावरच्या प्रत्येकाचं हवं, तिसऱ्या सत्रापासून येणाऱ्या मित्राचंही. टोपणनावं देताना कॅरेक्टरची नावंही बदला. छोट्या शहरातल्या गेमिंग गटात कॅरेक्टरच्या नावावरून माणूस लगेच ओळखू येतो. ‘यूट्यूबवर क्रिटिकल रोलचे शेकडो तास आहेत, तेच वापरतो’ असं अनेकांना सुचतं. वापरा, पण ते व्यावसायिक आवाज-कलाकार प्रेक्षकांसमोर खेळताहेत हे लक्षात ठेवून. तिथल्या कॅरेक्टरचं चार्म होणं हे सादरीकरणही असतं. तुमच्या हॉस्टेलच्या खोलीतलं चार्म होणं कोणी बघत नसतं, आणि तेवढ्याने खेळ बदलतो.

मार्गदर्शकाला भेटायला जाण्याआधी एक सराव करून बघा. ‘सजेशन’ हा दुसरा स्पेल घ्या. २०१४च्या मजकुरात अट आहे की सुचवलेली कृती वाजवी वाटेल अशा शब्दांत मांडलेली असावी. उदाहरण म्हणून एका सरदारणीने आपला युद्धाचा घोडा भेटेल त्या पहिल्या भिकाऱ्याला देऊन टाकावा, असं दिलंय. २०२४मध्ये ‘वाजवी’ गेलं. कृती करता येण्याजोगी वाटावी आणि तिच्यात उघड इजा नसावी, एवढंच उरलं. दोन्ही मजकूर शेजारी ठेवा. आधी लिहून काढा की ‘वाजवी’ हे कोणाच्या नजरेने ठरत होतं: सरदारणीच्या, खेळाडूच्या की डीएमच्या? मग खेळणाऱ्या चार मैत्रिणींना वेगवेगळं बसवून हेच विचारा आणि उत्तरं जशीच्या तशी टिपून घ्या. ती जुळली नाहीत, तर कुठे जुळत नाहीत ते एका परिच्छेदात लिहा आणि तोच परिच्छेद घेऊन भेटायला जा.